११२ वजा किती?

बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजन किती उतरतं, याचं एक उत्तर जाहिरातीतल्या फोटोंच्या जोडीत असतं. डावीकडे आधीची बाई, उजवीकडे जुन्या ड्रेसचा घेर हातानं लांब ताणून धरलेली तीच बाई. दुसरं उत्तर वैद्यकीय नियतकालिकांतल्या तक्त्यांत असतं आणि ते इतकं हसरं नसतं. नाशिकच्या एका घरात या दोन उत्तरांची गाठ पडली असं धरून पुढचा संवाद रचला आहे. माणसं कल्पित असली तरी त्यांच्या तोंडचे अभ्यास आणि त्यांतले आकडे खरे आहेत. बोलणारे मामा-भाची. जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती मामाची थोरली बहीण आणि भाचीची आई: वय ५४, उंची १६० सेंटिमीटर, वजन ११२ किलो, दोन वेळचं इन्सुलिन. मामाला शंकेखोर म्हणू, भाचीला पुरस्कर्ती.

शंकेखोर : हे बघ, ताईचं ऑपरेशन करू नका असं माझं म्हणणं नाही. तिच्या डोक्यात जो आकडा बसलाय, त्याची मला धास्ती आहे. परवा मला म्हणाली, "अरे, पुढच्याच्या पुढच्या दिवाळीला मी सत्तर किलोची असेन." हे सत्तर आलं कुठून? डॉक्टर म्हणाले, जादा वजनापैकी साठ टक्के जाईल. तिच्या लक्षात फक्त साठ टक्के राहिलं. ११२ मधून सरळ साठ टक्के काढले तर ४५ किलो उरतात. तेवढं काही होणार नाही हे तिलाही कळलं, म्हणून तिनं स्वतःच तडजोड करून सत्तर ठरवलं! आता खरा हिशेब मांड. तिच्या उंचीला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन मोजणारा निर्देशांक, २५ धरला तर ६४ किलो. ११२ मधून ६४ गेले, जादा राहिले ४८. त्याचे साठ टक्के म्हणजे जेमतेम २९ किलो. ताई ८३ वर येईल. ८३ ला तिचा बीएमआय साडेबत्तीस, म्हणजे तक्त्यात ती तेव्हाही लठ्ठच. जादा वजनातलं निम्मं गेलं तरी डॉक्टरांच्या वहीत केस यशस्वी लागते. बरं, हा भाजकही पक्का नाही. भारतीयांसाठी २३ ची रेघ धरली तर जादा वजन ५३ किलो होतं आणि तेच २९ किलो साठ टक्क्यांवरून ५४ वर येतात. बाई तीच, काटा तोच, टक्के मात्र निराळे.

पुरस्कर्ती : हिशेब चुकलेला नाही, मामा. म्हणूनच हल्ली बरेच अभ्यासक जादा वजनाचा नाद सोडून मूळ वजनाच्या किती टक्के उतरलं ते सांगतात. तसं पाहिलं तर आईचे २९ किलो म्हणजे एकूण वजनाचा चौथा हिस्सा. तुला तो कमी वाटतो, कारण तू त्याची तुलना सत्तरशी करतोस. आजवर जे झालं त्याच्याशी करून बघ. डाएटिशियनचे तक्ते झाले, सकाळचा दुधीचा रस झाला, सोमेश्वरपर्यंत चालणं झालं, भात बंद झाला. दर वेळी पाच-सहा किलो उतरले आणि त्याहून जास्त चढले. यात तिचा आळस नव्हता. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा गाजली होती. तिच्यातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं, तर बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलेलं. शिवाय नुसतं बसून असताना त्या वजनाच्या माणसानं जितके उष्मांक जाळायला हवेत, त्यापेक्षा दिवसाला ५०० च्या आसपास कमी जळत होते. शरीर जुनं वजन राखायला झगडतं, ते असं. ऑपरेशन घाव घालतं ते या झगड्यावर. याचे मुख्य प्रकार दोन, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. बायपासनंतर अन्न लहान आतड्यात लवकर उतरतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं वाढतात. पन्नाशी उलटलेल्या बाईला पहिल्यांदाच दोन घासांनंतर ताट सरकवावंसं वाटतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला अभ्यास आहे. दोन हजारांवर लोकांनी ऑपरेशन करून घेतलं, साधारण तेवढ्याच लोकांवर नेहमीचे उपचार झाले. दहा वर्षांनी बायपासवाल्यांचं वजन मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होतं. दुसरा गट होता तिथेच, दोन टक्के इकडे नाहीतर तिकडे.

शंकेखोर : २५ टक्के मला मान्य आहेत, तुझ्या आईला आहेत का ते विचार. बोस्टनमध्ये या ऑपरेशनसाठी आलेल्या ६५४ जणांना विचारलं होतं, तुमची अपेक्षा किती? २०१३ साली ते छापून आलं. लोकांची अपेक्षा सरासरी ३८ टक्क्यांची होती, आणि २६ टक्क्यांपेक्षा कमी उतरलं तर निराश होऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. आता हे ताईला लाव. ३८ टक्के गेले की उरतात ६९ किलो. तिचं सत्तर बघ कसं तंतोतंत बसतं! आणि २६ टक्के गेले की उरतात ८३. म्हणजे डॉक्टर जिथे पाठ थोपटणार, नेमकी तिथूनच पेशंटची निराशा सुरू होणार.

हा योगायोग बोस्टनच्या लोकांचा, नाशिकच्या बाईवर तो जसाच्या तसा लादता येणार नाही, असं कुणी म्हणू शकेल. म्हणावंही. पण जाहिरातीतले फोटो दोन्हीकडे सारखेच असतात आणि अपेक्षा बऱ्याच अंशी त्या फोटोंतूनच येते.

पुरस्कर्ती : निराशेचं सांगतोस, पण तिला आधी नीट सांगितलं तर ती होणार नाही.

शंकेखोर : काय सांगणार? उजवीकडचा फोटो कधी काढतात ते सांगणार? वजन सगळ्यात खाली येतं ते साधारण बाराव्या ते अठराव्या महिन्यात. फोटो तेव्हाचा. पुढच्या वर्षांचा फोटो कुणी लावत नाही. तुझ्याच स्वीडनच्या अभ्यासात बायपासवाले पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांपर्यंत उतरले होते, दहाव्या वर्षी २५ वर आले. ताईच्या काट्यावर हे ७६ आणि ८४ असं दिसेल. हे मधले आठ किलो परत येताना ती रोज सकाळी बघणार. शेजारीण विचारणार, "ऑपरेशन केलं होतं ना हो तुम्ही?" हे आठ किलो हिशेबातलेच होते, हे तिला तेव्हा कोण सांगणार? आणि त्याच्याही आधी, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा अडून बसतो तेव्हा? तिसऱ्या महिन्यापासून मूठ-मूठ केस गळतात तेव्हा? दंडाची आणि पोटाची कातडी लोंबते तेव्हा? ती काढायला गेलं की सौंदर्योपचार म्हणून मेडिक्लेम हात वर करतो. सत्तरच्या स्वप्नात यातलं काहीच नाही.

पुरस्कर्ती : केस बहुतेकांचे परत येतात, फक्त प्रथिनं आणि लोह पुरेसं गेलं पाहिजे. कातडीचं तुझं खरं आहे. पण सरासरीवरून तू आईचं भविष्य सांगू नकोस. फिनलंडमध्ये २४० जणांवर झालेला अभ्यास आहे, निम्म्यांना स्लीव्ह, निम्म्यांना बायपास, चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी. दहा वर्षांनंतरचे आकडे २०२२ मध्ये आले. जादा वजनातलं मधल्या माणसाचं किती उतरलेलं होतं? स्लीव्हमध्ये ४३.५ टक्के, बायपासमध्ये ५०.७. मधला माणूस म्हणजे सगळ्यांना ओळीनं उभं केलं तर बरोबर मध्ये येणारा. पण टोकं बघ. दोन्हीकडे एका टोकाला दोन टक्क्यांच्या आसपास आणि दुसऱ्या टोकाला शंभराच्या वर. कुणाचं काहीच उतरलेलं नाही, तर कुणी बीएमआय २५ च्याही खाली. आई यात कुठे बसेल, कोण सांगणार?

शंकेखोर : वा! हा मुद्दा तू माझ्या बाजूनं मांडलास की तुझ्या? दोन टक्के ते शंभर टक्के असा पसारा असताना डॉक्टर साठचा आकडा सांगतात. ४३.५ टक्के म्हणजे आपल्या हिशेबानं २१ किलो, दहा वर्षांनी ताई ९१ वर. याच अभ्यासात स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला आम्लामुळे सूज होती, बायपासवाल्यांत ७ टक्के. ताई आत्ताच रोज सकाळी पित्ताची गोळी घेते. स्लीव्ह सोपी, लवकर उरकते, म्हणून ती घ्यायची की ताईच्या पित्ताचाही विचार करायचा? हे कुणी विचारलंय?

पुरस्कर्ती : विचारलंय. म्हणूनच एंडोस्कोपी करून घ्यायची आहे, त्याशिवाय कुठलं ऑपरेशन ते ठरणार नाही. पण तू किलोतून बाहेरच यायला तयार नाहीस. आईचा खरा आजार काट्यावर दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठव. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. आपल्याकडची बारीक दिसणारी माणसंसुद्धा आतून चरबीवालीच असतात, ते असं. म्हणून तर भारतीयांसाठी ऑपरेशनची मर्यादा खाली आणलीय: बीएमआय साडेसदतीस, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर साडेबत्तीस. काटाच आपल्याला नीट सांगत नसेल, तर यश तरी काट्यावर का मोजायचं? शुगरवर मोज. स्वीडनमध्ये मधुमेह असलेल्यांपैकी ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्क्यांचा मधुमेह हटलेला होता. नेहमीच्या उपचारांत २१ टक्के.

शंकेखोर : आणि दहा वर्षांनी?

पुरस्कर्ती : ३६.

शंकेखोर : म्हणजे निम्मा परत आला.

पुरस्कर्ती : दुसऱ्या गटात दहा वर्षांनी १३ होता, तेही सांग. आणि मधली वर्षं वाया जात नाहीत. त्याच अभ्यासात पुढे दिसलं की डोळे, मूत्रपिंड अशा ठिकाणच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ऑपरेशनवाल्यांत कमी झाले. आयुष्याचंही आहे. २०२० मध्ये त्यांनी हिशेब लावला, तर ऑपरेशनवाले तशाच लठ्ठ पण ऑपरेशन न केलेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षं जास्त जगत होते.

शंकेखोर : आणि सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षं कमी. वाक्याचा हा दुसरा अर्धा भाग त्याच निबंधात आहे. मी तीन वर्षं नाकारत नाही, मोठी गोष्ट आहे ती. पण ताई दोन वेळचं इन्सुलिन घेते, मधुमेह जुना आहे. अशांचा मधुमेह पूर्ण हटण्याची शक्यता गोळ्यांवर असलेल्यांपेक्षा कमी असते. तिला ७२ टक्के दाखवू नकोस. इन्सुलिनची मात्रा उतरेल, कदाचित सुटेल, पुढे पुन्हा लागूही शकेल, असं सांग. हे सांगायला कुणाची जीभ वळत नाही, कारण असं बोललं की पेशंट "बघते, विचार करून सांगते" म्हणून उठून जातो.

इथे शंकेखोरानं दुखऱ्या जागी बोट ठेवलं, असं म्हणायला हवं. बऱ्याचदा माणसाला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेते ती माहिती नव्हे, लाज. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबईत महापालिका निवडणुकीच्या दिवशी एका लठ्ठ पोलिसाचा फोटो एका प्रसिद्ध लेखिकेनं ट्विटरवर टाकला आणि 'हेवी' बंदोबस्ताची कोटी केली. पोलीस मुंबईचे नव्हतेच, मध्य प्रदेशातले निरीक्षक होते. त्या हशानंतर त्यांच्यावर मुंबईतच शस्त्रक्रिया झाली. एका फटकाऱ्यानं माणूस उपचारापर्यंत पोचला, याचा आनंद मानायचा की खेद?

पुरस्कर्ती : २०१७ म्हटलं की तू आता इजिप्तच्या बाईंचं काढणार.

शंकेखोर : काढणारच. त्याच फेब्रुवारीत इमान अहमद यांना मालवाहू विमानानं मुंबईला आणलं, क्रेननं सैफी रुग्णालयात चढवलं. वजन ५०० किलोच्या आसपास सांगितलं जात होतं. मार्चमध्ये स्लीव्ह झाली. मग रोज बातम्यांत एकच गोष्ट: आज किती किलो उतरले. एप्रिलमध्ये त्यांच्या बहिणीनं जाहीरपणे सांगितलं की आकडे खरे नाहीत आणि तब्येत सुधारलेली नाही. रुग्णालयानं ते खोडून काढलं. मे महिन्यात इमान यांना अबुधाबीला हलवलं, सप्टेंबरमध्ये त्या गेल्या. कोण खरं बोलत होतं, या वादात मला पडायचं नाही. त्या बाईंना लहानपणी पक्षाघात झाला होता, वर्षानुवर्षं अंथरूण सुटलेलं नव्हतं. ऑपरेशननंतर त्या उठून बसतील का, बोलतील का, हे प्रश्न आधी ठरले असते तर भांडण निदान त्या प्रश्नांवर झालं असतं. ते झालं काट्यावरून.

पुरस्कर्ती : ती लाखात एक केस होती. त्यावरून साध्या केसचा न्याय करायचा नाही. नितीन गडकरींनीही २०११ मध्ये मुंबईतच हे ऑपरेशन करून घेतलं आणि ते पुढे वर्षानुवर्षं देशभर दौरे करत राहिले. तुझ्या उदाहरणाला माझं उदाहरण, दोन्हींतून काही सिद्ध होत नाही. पण हे प्रश्न आधी ठरवा, हे तुझं मला पटलं. मग ऐक, आईनं ठरवलंय. तिला वणीच्या गडावर चालत जायचंय. २०१८ मध्ये ट्रॉली सुरू झाल्यापासून ती ट्रॉलीनंच जाते, त्याआधी खालूनच कळसाला हात जोडायची. पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. तिला त्या चढायच्यात, मध्ये दहा वेळा बसली तरी चालेल. ८३ किलोवर ते जमू शकतं. ९१ वरही कदाचित जमेल. दुसरं म्हणजे मांडी घालून पंगतीला बसायचंय. रात्री घोरताना श्वास अडकतो, तो अडकू नये. सत्तर हा आकडा आहे खरा, पण तो तिच्या या तीन गोष्टींना बाहेरून चिकटलाय.

शंकेखोर : ही मात्र मोलाची माहिती दिलीस. हे तिनं डॉक्टरांना सांगितलं का?

पुरस्कर्ती : नाही. डॉक्टरांनी वजन विचारलं, तिनं वजन सांगितलं.

शंकेखोर : मग पंगतीचंच बघू. मांडी घालून बसली, पुढे काय? आपल्याकडे पंगतीत आग्रह होतो. "एवढंसं तर घ्या, काही होत नाही." ऑपरेशननंतर एवढंसं जास्त झालं तरी घास छातीत अडकतो, ती मोरीकडे धावणार. हे पहिल्या वर्षातलं. मला भीती तिसऱ्या वर्षाची आहे. स्लीव्हनंतर चपाती-भाजी पोटात अर्धीच मावते, पण चिवडा? मूठभर आत्ता, मूठभर तासाभरानं, दिवसभरात पाव किलो सहज. कुरकुरीत, तेलकट, चावून पाणी होणारं सगळं त्या अरुंद नळीतून सुखानं उतरतं. उसाचा रस उतरतो, आइस्क्रीम उतरतं. रविवारी मिसळीतला रस्सा उतरतो आणि त्यानंतरची जिलबीही. ज्वारीची भाकरी आणि उसळ तेवढी अडते. वजन बऱ्याचदा याच वाटेनं परत येतं. आणि उपवास! ताईचे किती असतात आठवड्याला? साबुदाण्यात नुसता स्टार्च. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं लागतात म्हणतात. एक वाटी पातळ वरणात ती चार-पाच ग्रॅम. शाकाहारी बाईनं एवढ्याशा पोटात साठ भरायची कशी?

पुरस्कर्ती : पनीर, घट्ट दही, मुगाचं धिरडं, सोया, नाहीतर पावडर. ताटातलं आधी तेच खायचं, भात शेवटी, जागा उरली तर. जेवताना पाणी नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर, वर्षातून निदान एकदा रक्त तपासायचं. हे सगळं तिला सांगितलंय, छापील कागदही दिलाय. मामा, तुझ्या द्राक्षमळ्यात दर वर्षी एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. नुसत्या छाटणीनं चांगले घड हाती येत नाहीत. पण छाटली नाही तर नंतर कितीही खत घाल, फवारण्या कर, हाती काय लागतं? ऑपरेशन म्हणजे ती छाटणी.

शंकेखोर : वेल दर वर्षी छाटता येते, पोटाचं तसं नाही. यंदाचा बहार हुकला तर पुढच्या वर्षी बघू, असं मी म्हणू शकतो. आणि छाटणीनंतर मळ्यात राबणारा मी असतो. तुमच्या घरात कोण राबणार? सकाळी सहा जणांचा डबा ताईच करते. तिचं मुगाचं धिरडं कोण करून देणार? कागद तिला दिलाय, तुझ्या बाबांना दिला का? तुझ्या भावाला दिला?

पुरस्कर्तीकडे याचं उत्तर नव्हतं. आपल्याकडे ऑपरेशन बाईचं होतं आणि स्वयंपाकघरही तिच्याच गळ्यात राहतं. साठ टक्क्यांचा हिशेब मांडताना ही गोष्ट कुठल्याही तक्त्यात येत नाही. पण पाच वर्षांनी काटा कुठे उभा असेल, ते त्या स्वयंपाकघरातही ठरत असतं. भाचीनं बोलणं दुसरीकडे वळवलं, आणि तेही अगदीच गैरलागू नव्हतं.

पुरस्कर्ती : मग काय, वजन उतरवायचं इंजेक्शन? मार्च २०२५ मध्ये माउंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही. आठवड्याला एक टोचायचं. माउंजारोच्या सगळ्यात मोठ्या मात्रेवर दीडेक वर्षात सरासरी २१ टक्के वजन उतरतं, म्हणजे आईचे साडेतेवीस किलो. पण थांबवलं की? वेगोव्हीतल्या औषधाच्या अभ्यासात थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्याच्या दोन-तृतीयांश वजन परत आलं. जन्मभर दर महिन्याचं बिल कोण भरणार? ऑपरेशनला निदान मेडिक्लेम आहे. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमात बीएमआय ४० च्या वर असेल तर ते बसतं, किंवा अनियंत्रित मधुमेहासारखा आजार असेल तर ३५ च्या वर. आई त्यात बसते.

शंकेखोर : आणि साडेबत्तीस ते पस्तीसच्या मधले? डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, विमा कंपनी म्हणते अजून जाड व्हा. पण ते राहू दे, ताई बसते ना. इंजेक्शनाचा मुद्दा मी आणलाच नव्हता, पण बरं झालं तू आणलास. त्याच्याबद्दल सगळे मोकळेपणानं सांगतात की थांबवलं की वजन परत येतं. ऑपरेशनबद्दल हे तितक्याच मोकळेपणानं का सांगत नाहीत? टाके पडले, पोट कापलं, म्हणजे कायमचं झालं, असं लोकांना वाटतं. डॉक्टर तसं म्हणत नाहीत, पण खोडतही नाहीत. आणि ताईचा प्रश्न नाही, पण तू आपल्या गावात हे ऑपरेशन करून घेणाऱ्या तरुण पोरांना सांग. बायपासनंतर दारू रक्तात भराभर चढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या विकाराचं प्रमाण ७.६ वरून ९.६ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. सुलाच्या द्राक्षमळ्यात शनिवार-रविवार घालवणाऱ्यांनी हे आधी ऐकायला हवं.

पुरस्कर्ती : ऐकवीन. पण तू मला एक सांग. समज मी आईला आज सगळं खरं सांगितलं. ७६ पर्यंत जाशील, ८४ वर येशील. इन्सुलिन कदाचित सुटेल, कदाचित नाही. केस गळतील, कातडी लोंबेल, गोळ्या जन्मभर. सत्तर विसर. आणि हे ऐकून ती म्हणाली, "मग राहू दे." त्यानंतर तिचे डोळे गेले, पाय गेला, तर? सत्तरच्या आशेवर ती टेबलापर्यंत पोचत असेल, तर त्या आशेला हात लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

शंकेखोर : आणि सत्तरच्या आशेवर टेबलापर्यंत पोचली, ८४ वर आली, आपण हरलो असं समजली आणि डॉक्टरांकडे जाणंच बंद केलं, तर? बी-१२ बंद, तपासण्या बंद. हरलेल्या माणसाला पुन्हा दवाखान्याची पायरी चढायची लाज वाटते. मग डोळे आणि पाय दोन्ही बाजूंनी धोक्यात. तू म्हणतेस आशा लागते. मी म्हणतो, कितीची आशा हे तिला माहीत पाहिजे.

पुरस्कर्ती : त्यासाठी आपल्या डॉक्टरांना विचारू. तुमच्या स्वतःच्या पेशंटचं पाच वर्षांनंतर काय झालं? स्वीडन, फिनलंड, बोस्टन पुरे. नाशिकचं सांगा.

शंकेखोर : विचार. पण उत्तर ऐकताना एक प्रश्न आणखी विचार. पाच वर्षांनी तपासायला आले किती? शंभरांपैकी चाळीस आले आणि त्या चाळिसांचं वजन छान उतरलेलं असेल, तर उरलेल्या साठांचं काय धरायचं? ज्यांचं वजन परत आलं ते तोंड लपवतात, असं मला वाटतं.

पुरस्कर्ती : किंवा ज्यांचं चांगलं चाललंय त्यांना यायची गरज वाटत नाही. मालेगाव-सटाण्याहून एका रक्ततपासणीसाठी कोण एवढ्या लांब येईल? तिथल्याच लॅबमध्ये करून घेत असतील.

शंकेखोर : असतील. पण ते आपल्याला कोण सांगणार?

पुरस्कर्ती : डॉक्टरांनी फोन केला तर तेच सांगतील. म्हणून तिसरा प्रश्न माझा: जे आले नाहीत त्यांना तुम्ही फोन करता का? आणि हे तिन्ही प्रश्न मी विचारणार नाही, तूही नाहीस. आई विचारेल. तिला आत नेऊन आपण दोघं बाहेर बाकावर बसायचं.

शंकेखोर : आणि वणीच्या पायऱ्यांचं?

पुरस्कर्ती : तेही तीच सांगेल, वजन सांगायच्या आधी. मग सत्तर ठेवायचं की सोडायचं ते तिचं ती बघेल.

शंकेखोर : आणि तिनं बाहेर येऊन पुन्हा सत्तरच म्हटलं तर?